अत्तम्माला लांडगा दिसला: दुधनीच्या माळावरचे तीन दिवस

"दुधनीला? कुणाचं लग्न आहे?"

सोलापुरात राहणाऱ्या माणसानं सुट्टी काढून दुधनीकडं फिरायला जायचं म्हटलं की समोरचा हेच विचारतो. मला शेजारच्या काकूंनी विचारलं, ऑफिसात विचारलं, स्टेशनला सोडणाऱ्या रिक्षावाल्यानंही विचारलं. लडाखला गेले होते तेव्हा कुणाचं लग्न आहे असं एकानंही विचारलं नव्हतं. आणि खरं सांगते, लडाखच्या विमानात बसताना पोटात झाल्या नव्हत्या तेवढ्या गुदगुल्या यावेळी सोलापूर स्टेशनच्या जिन्यावर झाल्या. मी लांडगा बघायला निघाले होते! घरातून निघून, डबा बरोबर घेऊन, पॅसेंजर गाडीनं!

नव्या वाचकांसाठी सांगते. मी श्रीलता. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात वाढलेली. युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघते आणि उरलेला सगळा वेळ पुढच्या प्रवासाच्या विचारात घालवते. या ठिकाणाबद्दल मला एका पक्षी बघणाऱ्या मैत्रिणीनं सांगितलं. दुधनीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला जवळजवळ चिकटून, गवताच्या माळावर एक छोटा लॉज आहे. तीन खोल्या. मालक नवराबायको, तेच व्यवस्थापक, तेच स्वयंपाकी, तेच वाटाडे. सोलापुरातली काही निसर्ग-अभ्यासक मंडळी त्यांना मदत करतात: कुठं जायचं, कुठं अजिबात जायचं नाही, कुठल्या महिन्यात माळाला एकटं सोडायचं. आजूबाजूच्या मेंढपाळांशीही त्यांनी बोली केलेली आहे. लांडग्यानं मेंढरू नेलं, तर त्याची भरपाई पाहुण्यांच्या पैशांतून त्याच दिवशी द्यायची. मला हे सगळं इतकं आवडलं की मी फोनवरच "येतो, येतो, दोघं येतो!" असं ओरडले.

दोघं म्हणजे मी आणि माझा नवरा व्यंकी. पण निघायच्या आदल्या दिवशी त्याच्याकडं टॉवेलची मोठी ऑर्डर आली आणि तो कारखान्यातून हलेना. "रद्द कर की," तो म्हणाला. मी तोंड पाडून बसले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी येते की."

ही अत्तम्मा. म्हणजे माझी सासू. आमच्या तेलुगू घरांत सासूला अत्तम्मा म्हणतात. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे माझ्यापेक्षा बरे. तिनं आयुष्यात प्रवास केलाय तो फक्त देवाला जायला.

"तिथं देव कुठला आहे?" तिनं विचारलं.

"देव नाही अत्तम्मा. लांडगा आहे."

तिनं क्षणभर विचार केला. "बरं. दर्शन किती वाजता असतंय?"

अडचण आली ती कपड्यांची. लॉजवाल्यांनी बजावलं होतं, भडक रंग आणू नका, मातकट, हिरवट, तपकिरी काहीतरी घाला. अत्तम्माचं कपाट उघडलं तर पोपटी, शेंदरी, राणी आणि पुन्हा पोपटी. "मातीच्या रंगाची साडी नेसून बाईनं जायचं तरी कुठं?" हा तिचा मुद्दा होता. शेवटी घरातली तपकिरी सोलापुरी चादर घेतली. पोपटी साडीवर ती चादर डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळली की अत्तम्मा हुबेहूब एखाद्या खडकासारखी दिसायची. बोलत नसेल तर.

सोलापूरहून कलबुर्गीकडं जाणारी पॅसेंजर पकडा. तिकीट इतकं स्वस्त आहे की त्यापेक्षा प्लॅटफॉर्मवरचे दोन चहा महाग पडतील. होटगी, तिलाटी, मग अक्कलकोट रोड. तिथं अर्धा डबा देवदर्शनाला उतरला आणि अत्तम्माची मान त्यांच्या मागं मागं इतकी वळली की मी तिचा पदर धरून ठेवला. पुढं मात्र डबा बराच मोकळा. दोन्ही खिडक्यांतून ज्वारी, डोक्याएवढी उंच, कणसं भरलेली. डब्यातलं बोलणं हळूहळू मराठीतून कन्नडमध्ये गेलं, आणि नेमकं कुठल्या स्टेशनात गेलं ते काही कळलं नाही.

दुधनीला सिद्धाराम टमटम घेऊन उभा होता. लॉजचे निम्मे मालक. हा माणूस दिवसभरात मोजकं बोलतो, पण प्रत्येक वाक्याआधी हसतो, त्यामुळं आपल्याला वाटतं की बऱ्याच गप्पा झाल्या. बाजारातून जाताना तुरीच्या पोत्यांचा धुळकट वास आला. अत्तम्मानं टमटम थांबवून भाजक्या शेंगा घेतल्या. पुढचा रस्ता सांगत नाही. मुद्दामच सांगत नाही! जाण्याआधी मी शब्द दिलाय की नकाशावर खूण करणार नाही आणि फोटोबरोबर ठिकाण टाकणार नाही. का, ते पुढं कळेल.

लॉज म्हणजे दगडी भिंतींच्या तीन खोल्या, फरशीचा ओटा, दोन कडुलिंब आणि समोर गवत. नुसतं गवत, सोनेरी, वाऱ्यावर एका बाजूनं दुसऱ्या बाजूला लोळत जाणारं. मी टमटममधून उतरून तिथंच गोल गोल फिरले. शाळेत आम्हाला ही जमीन 'पडीक' म्हणून शिकवली होती.

"बर्री, बर्री!" कन्नडमध्ये 'या, या' म्हणत दारातून शिवलीला आली. उरलेले निम्मे मालक. पुण्याच्या एका हॉटेलात तिनं बरीच वर्षं रिसेप्शनवर काम केलं, मग नवऱ्याला घेऊन गावी परत आली आणि सासऱ्यांच्या या जमिनीवर लॉज बांधला. अजूनही ती पहिलं वाक्य अगदी हॉटेलातलं बोलते, "आपलं स्वागत आहे, प्रवास कसा झाला?" आणि दुसऱ्याच वाक्याला घरी येते. "ह्या पिशवीत काय हाय? कुरकुरे? खावा की, पण पाकीट परत सोलापूरला न्यायचं. हितं कचरागाडी येत न्हाय."

अंघोळीला एक बादली गरम पाणी, बंब पेटवून. प्यायला माठ. खोलीत पंखा आहे, एसी नाही, आणि जानेवारीत दोन्हीची गरज नाही. जेवायला ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि अंबाडीची भाजी. या भाजीवरून पहिलंच जेवण गाजलं. शिवलीला म्हणाली, ही पुंडी पल्या. अत्तम्मा म्हणाली, ही पुंटिकूर. शिवलीला म्हणाली, आमच्यात ज्वारीच्या कण्या घालतात. अत्तम्मा म्हणाली, म्हणूनच बिघडली. मी ताटात बघत बसले. मग अत्तम्मानं दुसऱ्यांदा वाढून घेतली, तिसऱ्यांदाही घेतली, आणि शिवलीला काही न बोलता भांडंच तिच्यापुढं ठेवून गेली.

संध्याकाळी सिद्धारामनं आम्हाला माळाच्या कडेला एका खडकावर बसवलं. "आता बगा," एवढंच म्हणाला. सूर्य खाली गेला आणि कुठून कुठून लांब पंखांचे पक्षी यायला लागले. गवताच्या अगदी वरून, पंख न हलवता, तरंगत. हे भोवत्ये, शिकारी पक्षी. हिवाळ्यात पार उत्तरेकडून, कितीतरी देश ओलांडून येतात आणि रात्री या गवतात, जमिनीवर झोपतात. एक उतरला, दुसरा उतरला, मग सगळं आकाशच हळूहळू खाली यायला लागलं. मी सिद्धारामचा दंड गच्च धरला होता, हे मला नंतर कळलं.

"एवढ्या लांबून येतात," अत्तम्मा चादरीतून कुजबुजली, "आणि झोपायला कुठं? तर दुधनीला?"

"व्हय," सिद्धाराम हसून म्हणाला.

"यांना कुणी विचारत नाही वाटतं, कुणाचं लग्न आहे!"

एवढं बोलून तिला स्वतःलाच हसू आलं, मग मला, मग सिद्धारामला. तोंडावर हात दाबून हसलो, कारण तिथं मोठ्यानं हसायला बंदी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे इतकी थंडी होती की अत्तम्मानं चादर मला द्यायला साफ नकार दिला. शिवलीला पुढं, आम्ही मागं. लॉजची गाडी माळावर जात नाही, सगळं पायी. गाडीनं गवत मोडतं आणि त्या गवतात जमिनीवर घरटी असतात. उजाडताना काळवीट दिसले. काळाकुळकुळीत नर, पीळदार शिंगं, आणि मागं माद्यांचा घोळका. एक मादी उगाचच उडाली. मग दुसरी. मग सगळ्याच, जणू जमीन तापली होती. मलाही उडावंसं वाटलं. मी थोडीशी उडालेही.

आणि मग शिवलीला एकदम खाली बसली. "लांडगा!"

आम्ही गवतात सपाट. माझ्या छातीत माग सुरू झाला. गवतातून तपकिरी पाठ येत होती, सरळ आमच्याकडं. जवळ. अजून जवळ. मग गवत बाजूला झालं आणि एक कुत्रा शेपूट हलवत आला आणि त्यानं शिवलीलाचं तोंड चाटलं.

"अय्यो," ती उठून पदर झटकत म्हणाली. "हे भीमाण्णाचं कुत्रं."

मागोमाग भीमाण्णा आला. उंच, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागं मेंढरांचा लोंढा. धनगर माणूस, पिढ्यान्‌पिढ्या याच माळावर मेंढरं चारणारा. शिवलीलानं रामराम केला, त्यानं मान हलवली, आमच्याकडं बघितलंही नाही आणि निघून गेला. "बोली केलीय त्यांच्यासंगं," शिवलीला हळूच म्हणाली, "पण मनातनं अजून आलं न्हाईत ते."

उन्हं वर आल्यावर हुरडा. शेणीच्या आरात भाजलेली ज्वारीची कोवळी कणसं, हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम गरम तोंडात. बरोबर गूळ, शेंगाचटणी. यावर मी जास्त लिहिणार नाही, कारण तुम्ही वाचायचं सोडून निघाल.

दुपार कलली तशी आम्ही पुन्हा त्याच खडकावर. समोर लांब एक उघडीबोडकी टेकडी. तिच्या पोटात लांडगिणीचं बीळ आहे, पिल्लं आहेत, असं शिवलीलानं सांगितलं. त्याच्या जवळ जायचं नाही. फोटोसाठी नाही, पैसे जास्त देतो म्हणून नाही, ओळखीतला म्हणून नाही. माणसाचा वावर वाढला की लांडगीण पिल्लं उचलून दुसरीकडं नेते, आणि दुसरीकडं प्रत्येक वेळी जागा मिळतेच असं नाही. शिवाय एकदा जागा माहीत झाली की कोण कशासाठी येईल ते सांगता येत नाही. म्हणून नकाशा नाही, मंडळी. समजून घ्या.

मी दुर्बीण लावून टेकडीच बघत बसले होते. अत्तम्मा दुर्बीण लावत नाही, तिला चक्कर येते. ती नुसत्या डोळ्यांनी दुसरीकडं, खालच्या ओढ्याकडं बघत होती. आणि एकाएकी चादर बाजूला फेकून ती उभी राहिली.

"तोडेलू!" ती ओरडली. तेलुगूत लांडगा. "तोडेलू! तोडेलू! लता, अगं काय बघायलीस तिकडं, हे बघ ते!"

आणि टाळ्या. माझी अत्तम्मा टाळ्या वाजवत होती, पोपटी साडीत, लहान पोरीसारखी. मी दुर्बीण वळवेपर्यंत मला दिसलं ते एक शेपूट आणि लांब ढेंगा टाकत पळणारे मागचे दोन पाय. पण मला तरी कुठं धीर! कसाबसा मोबाईलवर एक फोटो काढला आणि मीही ओरडले. दिसला! दिसला!

मग खालून आरोळी आली. माणसाची.

मेंढरं इकडंतिकडं पांगत होती. भीमाण्णा काठी उगारून धावत होता, कुत्रा पुढं. तेव्हा मला कळलं की लांडग्याच्या तोंडात काहीतरी होतं. अत्तम्माला ते माझ्याआधी कळलं होतं. तिचे हात टाळीच्या मधेच थांबलेले होते.

आम्ही मुकाट्यानं लॉजवर आलो. चहा झाला नव्हता तोच भीमाण्णा अंगणात आला. खांद्यावर घोंगडी नव्हती, पहार होती.

"बीळ बुजवतो आज," तो शिवलीलाला म्हणाला. "सांगायला आलो. मागनं म्हनू नका सांगितलं न्हाय."

शिवलीला उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. "भीमाण्णा, भरपाई आत्ता देते की. बोली हाय आपली."

"पैसं कोन मागतंय? ठेवा तुमचं पैसं." त्यानं पहार जमिनीवर टेकवली. "कोकरू दोन महिन्यांचं हुतं. आई मेली त्याची. बाटलीनं दूध पाजून वाढवलं म्या. लांडगा त्याला घिऊन पळतोय आन् वरनं मला ऐकू काय येतंय? टाळ्या! तुमचं पाहुणं टाळ्या वाजवत हुतं!"

सिद्धारामही हसला नाही.

"तुमच्याकडं मानसं लांडगा बघाय येत्यात," भीमाण्णा म्हणाला. आता आवाज खाली आला होता, आणि ते जास्त लागलं. "पिल्लं बघाय येत्यात, पाखरं बघाय येत्यात. हितं आमी पन हाय की. आमची मेंढरं हायत. ती बघाय कोन आलंय का आजवर?"

मला वाटलं, झालं. तो बीळ बुजवणार, पिल्लं आत गुदमरणार, आणि याला आपण जबाबदार. सकाळी उड्या मारणारी मी आता ओट्याची फरशी बघत होते.

अत्तम्मा उठली. तिनं चादर बाजूला ठेवली आणि अंगणात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्या छातीपर्यंतही येत नाही.

"टाळ्या मी वाजवल्या," ती म्हणाली. "मला फक्त लांडगा दिसला. कोकरू दिसलं नाही. नंतर दिसलं." मग तिनं विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

भीमाण्णा गोंधळला. असा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "त्याचं न्हाय, तिचं. मादी हुती." त्यानं पहारीच्या टोकानं माती उकरली. "गुंडी म्हनायचो. बारीक हुती म्हनून."

"गुंडी," अत्तम्मा म्हणाली. अगदी व्यवस्थित, जसं पाहुण्यांच्या लेकीचं नाव लक्षात ठेवतात तसं. "मला नातवंड नाही. असतं, आणि कुणी टाळ्या वाजवल्या असत्या, तर मी पण पहार घेऊन आले असते."

त्यानं पहार ओट्याला टेकवून ठेवली.

"उद्या मी तुझ्याबरोबर येऊ का? मेंढरं बघायला. लांडगा नको मला, झाला बघून."

"दिसभर चालाय लागतंय, आजी. उनात."

"तिरुपतीच्या पायऱ्या चढलेय मी."

भीमाण्णानं शिवलीलाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग त्या चादरीकडं. शिवलीलानं मधल्यामधे त्याच्या हातात चहाचा कप दिला होता आणि तो त्यानं घेतलाही होता, बहुतेक त्याच्या लक्षात न येता. "बीळ उद्याबी बुजवता येतंय," तो शेवटी म्हणाला. पहार मात्र घेऊन गेला.

तिसरा दिवस आमच्या ठरवलेल्या कार्यक्रमात नव्हता. दुपारच्या गाडीनं परतायचं होतं, ती सोडली, संध्याकाळची धरायची ठरवली. उजाडताच आम्ही सगळे भीमाण्णाच्या मागं. शिवलीलाही आली, पहिल्यांदाच. इतकी वर्षं ती माळाच्या एका बाजूनं चालत होती आणि तो दुसऱ्या बाजूनं.

मेंढरांबरोबर चालून बघा एकदा! तुम्ही चालत नाही, तुम्ही वाहत जाता. पायाला पाय घासत, सगळीकडून लोकर, घंटा, वास, धूळ आणि मधेच कुणीतरी ओढणी खातंय. माझी खाल्ली. भीमाण्णा चालता चालता हातातल्या टकळीवर लोकर कातत होता, मान वर, नजर कळपावर, बोटं आपली फिरतायत. अत्तम्माचं सगळं आयुष्य सुतात गेलंय. लग्न झाल्यापासून तिनं कांड्या भरल्या, माग चालवला. तिनं टकळी मागून घेतली आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, जणू आता काहीतरी बघायला मिळणार आहे.

धागा तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. एकदा तर टकळी गरगरत एका मेंढीच्या पाठीवर पडली आणि मेंढी ती घेऊनच चालू लागली.

"सुतागत न्हाय हे, आजी. लोकरीचं लाड करावं लागत्यात," भीमाण्णा म्हणाला, आणि हसला. आम्ही त्याला हसताना पहिल्यांदाच बघितलं.

"सूत सरळ असतंय," अत्तम्मा मेंढीच्या मागं धावत म्हणाली. "ही तुमची लोकर भांडकुदळ आहे!"

तो अजूनच हसला. मग मेंढीला थांबवून त्यानं टकळी काढून दिली आणि तिची बोटं धरून दाखवलं, कुठं सैल सोडायचं. दुपारपर्यंत तिचा वीतभर धागा झाला. जाडाभरडा, गाठीगाठींचा. तिनं तो सगळ्यांना दाखवला, मेंढरांनासुद्धा.

जेवायला बाभळीखाली बसलो. भीमाण्णाच्या फडक्यात भाकरी, ठेचा आणि मेंढीच्या दुधाचं घट्ट दही. शिवलीलानं त्याला विचारलं, "पाहुण्यांना असं तुमच्यासंगं पाठवलं तर चालंल का? त्याचं तुमचं तुमाला मिळंल. भरपाई न्हवं. मेहनताना."

"इचार करतो." तो भाकरी खात राहिला. "पन येनाऱ्यांना पयलं मला दाखवायचं. कुनीबी नको. आन् पोपटी नेसून आलं तर चालतंय, मेंढरं भीत न्हाईत."

जेवण झाल्यावर त्यानं आम्हाला एका चढावर नेलं. खाली बसवलं आणि टेकडीकडं बोट केलं. लांब, खूप लांब. दुर्बिणीत मला आधी नुसते दगड दिसले. मग एक दगड हलला. मग दुसऱ्यानं पहिल्याचा कान धरला.

पिल्लं! तीन, नाही चार! मातकट गोळे, मोठ्या कानांचे, एकमेकांवर पडणारे, शेपट्या चावणारे. बाजूला लांडगीण पडली होती, डोकं पंजांवर, डोळे मिटलेले. अंगानं वाळलेली. एका पिल्लानं तिच्या पाठीवरून उडी मारायचा प्रयत्न केला आणि पलीकडं तोंडावर पडलं. मला ओरडायचं होतं. मी स्वतःच्या तोंडात स्वतःचा रुमाल कोंबला. शिवलीला मला दुर्बीण द्या, दुर्बीण द्या अशा खुणा करत होती आणि मी देत नव्हते, हे मी इथं कबूल करते.

अत्तम्मा नुसती बघत बसली होती. टाळ्या नाहीत, काही नाही.

"माहीत हुतं तुमाला? चार हायत ते?" शिवलीलानं भीमाण्णाला विचारलं.

"बारकी हुती तवापासनं बघतोय. मारायचं असतं तर कवाच मारलं असतं." त्यानं टेकडीकडं बघितलं. लांडगिणीकडं त्यानं ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून नीट सांगता येत नाही. राग होता. नुसता राग नव्हता. "तिलाबी चार तोंडं भरायची हायत. पन माझी गुंडी न्यायला नको हुती तिनं."

"नको होती," अत्तम्मा म्हणाली.

"आता मेंढरं पल्याडच्या अंगाला नेतो महिनाभर. वड्याच्या तिकडं. पिल्लं हितनं जाईस्तवर." मग शिवलीलाकडं वळून, "भरपाई घेतो. बोली ती बोली."

संध्याकाळच्या गाडीत आम्ही दोघी धुळीनं माखून, मेंढरांच्या वासासकट बसलो. समोरच्या बाईनं नाकाला पदर लावला. आम्हाला त्याचंही हसू आलं. होटगी येईपर्यंत हसतच होतो.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, हुरडाही मिळतो. एका माणसाला दिवसाचा खर्च सोलापुरातल्या मध्यम हॉटेलाएवढा येतो, पण त्यात चार वेळचं खाणं, वाटाड्या आणि मेंढपाळांचा वाटा धरलेला आहे, म्हणून घासाघीस करू नका. लांडगा दिसेलच असं कुणी सांगणार नाही. जो सांगतो त्याच्याकडं जाऊ नका. टॉर्च रात्री माळावर मारू नका, ड्रोन तर घरीच ठेवा. आणि जमलं तर एक पूर्ण दिवस कळपाबरोबर घालवा. भीमाण्णानं विचार करून होकार कळवलाय. आधी तो तुम्हाला बघेल, मग ठरवेल.

घरी येऊन आता महिना होऊन गेला. एरवी प्रवासाहून आले की मी फोटो लावते, लोक वा वा म्हणतात आणि मी पुढच्या तिकिटाकडं वळते. यावेळी माझ्याकडं लांडग्याचा एकच फोटो आहे, त्यात शेपूट आणि अर्धा पाय. पण कुणी मेंढपाळ रस्त्यानं चालला असला की मी आता गाडी थांबवते. कुठल्या गावचे, विचारते. होटगी रोडच्या कडेला मोकळी पडीक जमीन दिसली की मनातल्या मनात शब्द सुधारते: पडीक नाही, माळ. तिथं कुणीतरी राहतंय. माझ्याच जिल्ह्याबद्दल मला एवढं कमी माहीत होतं, याची लाज वाटायला हवी. खरं तर वाटतो तो आनंदच. अजून किती बघायचं बाकी आहे!

मागच्या रविवारी शिवलीलाचा फोन आला. मी स्पीकर लावला. तिनं फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला, खरखर झाली, मेंढरं ओरडली.

"आजी हायत का?" भीमाण्णा.

"आहे की," अत्तम्मा फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन ओरडली.

"लांडगीन पिल्लं घिऊन गेली. चारीबी. परवा बघितली, वड्याच्या काठानं चालली हुती रांगेनं. बीळ मोकळं झालं."

"मग? बुजवलंस?"

पलीकडं वारा ऐकू येत होता.

"न्हाय," तो म्हणाला. "पुढल्या सालाला लागंल की तिला."